न भरणारी जखम: प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना होणारे मायकोबॅक्टेरियाचे त्वचारोग



हाताच्या बोटावर किंवा पायाच्या नडगीवर एक लालसर पुळी येते. फारशी दुखत नाही, ताप नाही. आपण म्हणतो, "वयाप्रमाणे व्हायचंच." हळद लावतो, मलम लावतो. डॉक्टर आठवड्याच्या गोळ्या देतात, थोडं बरं वाटतं, आणि पुळी तिथल्या तिथेच. महिना जातो, दोन महिने जातात. मग शेजारी आणखी एक गाठ.

बहुतेक वेळा अशा पुळीमागे साधंच काहीतरी असतं. पण ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधाने कमी झाली आहे, त्यांच्यात कधी कधी मायकोबॅक्टेरिया नावाच्या जंतूंचं कुटुंब यामागे असतं. हा रोग दुर्मिळ आहे, म्हणून तो लवकर कोणाच्या डोक्यात येत नाही, आणि उशीर झाला की बोट, सांधा, कधी जीवही धोक्यात येतो. मी मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा केला आणि पुढे टोरोंटोत वॉर्डात काम केलं. आपल्यात आता सत्तरी-ऐंशीची माणसं पुष्कळ, आणि संधिवात, किडनी, कॅन्सर यांची औषधं घेणारीही पुष्कळ. म्हणून ही माहिती एका जागी लिहून ठेवते आहे.

हे जंतू कोणते?

या कुटुंबातले दोन जंतू आपल्याला नावाने ठाऊक आहेत. एक कुष्ठरोगाचा, जो नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ साली पाहिला. दुसरा क्षयाचा, म्हणजे टीबीचा, जो रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली जगासमोर ठेवला. पण या दोघांखेरीज याच कुटुंबात शंभराहून जास्त भाऊबंद आहेत. ते माणसावर अवलंबून नसतात. माती, नद्या, समुद्र, माशांच्या टाक्या, नळाचे पाइप, शॉवरचं तोंड अशा ठिकाणी ते मजेत राहतात. आपण रोज त्यांच्या संपर्कात येतो आणि धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही.

या जंतूंची तीन वैशिष्ट्यं लक्षात ठेवली तर पुढचं सगळं समजतं.

पहिलं, त्यांच्या अंगावर मेणकट कवच असतं. त्यामुळे पुष्कळशी नेहमीची अँटिबायोटिक्स आत शिरत नाहीत आणि प्रयोगशाळेतला साधा रंगही त्यांना धरत नाही. खास रंग वापरावा लागतो. तो एकदा चढला की ॲसिडनेही उतरत नाही. क्लोरीनलाही हे जंतू इतर जंतूंपेक्षा जास्त दाद देत नाहीत.

दुसरं, त्यांची वाढ हळू असते. साधे जंतू रात्रभरात वाढतात. यातले लवकर वाढणारेसुद्धा काही दिवस ते आठवडा घेतात, आणि सावकाश वाढणारे दोन ते आठ आठवडे.

तिसरं, त्यातल्या काहींना थंडावा आवडतो. शरीराच्या आत ३७ अंश उष्णता असते. बोटं, कोपर, गुडघे, घोटे, कान इथली कातडी त्याहून गार. ३० ते ३२ अंशांत वाढणारे जंतू म्हणून नेमके तिथेच घर करतात. कुष्ठरोगाचा जंतूसुद्धा याच कारणाने हातपाय, नाक, कान पकडतो.

प्रतिकारशक्ती कमी म्हणजे नेमकं काय?

जंतू आत शिरला की आपल्या पांढऱ्या पेशी त्याला गिळतात. हा जंतू गिळल्यावरही मरत नाही. मग शरीर दुसरा उपाय करतं. त्याच्याभोवती पेशींची तटबंदी उभारतं आणि त्याला आत कोंडून ठेवतं. ही तटबंदी उभी ठेवायला टीएनएफ आणि इंटरफेरॉन गॅमा असे रासायनिक निरोप लागतात. तट ढासळला की कोंडलेला कैदी बाहेर पडतो.

हा तट कशाने ढासळतो?

- प्रेडनिसोनसारखी स्टिरॉइडची गोळी, विशेषतः आठवडेच्या आठवडे घेतली तर
- संधिवात, सोरायसिस, आतड्याची सूज यांसाठी दिली जाणारी टीएनएफविरोधी इंजेक्शनं: अडॅलिमुमॅब, इन्फ्लिक्सिमॅब, एटानरसेप्ट
- टोफासिटिनिबसारख्या नव्या गोळ्या, काही प्रमाणात मेथोट्रेक्सेटही
- किडनी किंवा दुसरा अवयव बदलल्यानंतरची टॅक्रोलिमससारखी औषधं
- रक्ताचा किंवा लसिकाग्रंथींचा कॅन्सर, आणि केमोथेरपी
- एचआयव्ही, उपचार न घेतलेला
- बरीच वर्षं ताब्यात नसलेला मधुमेह, डायलिसिस आणि खुद्द म्हातारपण. ही कारणं वरच्यांपेक्षा सौम्य, पण दोन-तीन एकत्र आली की भर पडते.

आपली बरीच मंडळी म्हणतात, "मी तर फक्त सांधेदुखीची गोळी घेते." त्या गोळीचं नाव डबीवर वाचा. प्रेडनिसोन असेल तर ही यादी तुमच्यासाठीच आहे.

त्वचेवर येणारे मुख्य प्रकार

१. मायकोबॅक्टेरियम मरिनम: मासळीचा आणि माशांच्या टाकीचा जंतू. १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांत तो प्रथम सापडला. माणसाला तो होतो हे १९५१ साली स्वीडनमध्ये कळलं. तिथे तो पोहण्याच्या तलावातून लागला होता. आता तलावांत क्लोरीन असतं, त्यामुळे बहुतेक रुग्ण घरातली काचेची टाकी धुणारे किंवा मासळी हाताळणारे असतात. काटा किंवा पंख टोचल्यावर दोन ते चार आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, बोटावर किंवा हातावर जांभळट गाठ येते. मग लसिकावाहिनीच्या वाटेने मनगटाकडून कोपराकडे एका ओळीत गाठी चढत जातात, जणू मणी ओवलेत. २०१४ साली न्यूयॉर्कच्या चायनाटाउन भागांत मासळीबाजारातून मासळी घेणाऱ्यांत याची मोठी साथ दिसली होती.

२. मायकोबॅक्टेरियम केलोनी, फॉर्च्युइटम आणि ॲबसेसस: हे तिघे लवकर वाढणारे. पाण्यात आणि मातीत राहतात आणि सुई, टाका, नळी, टॅटू, पेडिक्युअर यांतून आत शिरतात. २००० साली कॅलिफोर्नियातल्या एका नेल सलूनमध्ये पाय बुडवण्याच्या टबातून शंभराहून जास्त गिऱ्हाइकांच्या पायांवर फॉर्च्युइटमचे फोड आले. टबाच्या जाळीमागे केस आणि मळ साचला होता. आपल्या टोरोंटोतही २००२ साली ॲक्युपंक्चरच्या सुयांमधून ॲबसेससची साथ झाली होती. हिंदुस्थानात दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर बेंबीजवळच्या छिद्रातून आठवड्यांनी पू येऊ लागतो, त्यामागेही पुष्कळदा हेच तिघे असतात. स्टिरॉइड घेणाऱ्यांत केलोनी वेगळं रूप घेतो. कुठे काही टोचल्याचं आठवत नाही, आणि एका पायावर किंवा दोन्ही पायांवर बऱ्याच लालसर गाठी येतात, फुटतात, वाहतात.

३. मायकोबॅक्टेरियम हीमोफिलम: याची गोष्ट आपल्याला जवळची वाटेल. हा जंतू १९७८ साली इस्राएलमधल्या संशोधकांनी प्रथम ओळखून त्याला नाव दिलं. रुग्ण एक बाई होत्या, त्यांना हॉजकिन्सचा आजार होता आणि अंगावर न भरणाऱ्या जखमा होत्या. नावाचा अर्थ "रक्तप्रेमी", कारण लोह घातल्याशिवाय हा प्रयोगशाळेत वाढतच नाही. पुढे अवयव बदललेल्या आणि एड्सच्या रुग्णांत तो जगभर दिसला. हातापायांवर, बहुतेक सांध्यांच्या वर, दुखऱ्या गाठी येतात आणि त्यांचे व्रण होतात. डॉक्टरांनी प्रयोगशाळेला आधी कळवलं नाही तर नेहमीच्या तपासणीत हा निसटतो.

४. त्वचेचा टीबी: आपल्यातल्या बहुतेकांचा जन्म हिंदुस्थानातला. लहानपणी झालेला आणि आत झोपून राहिलेला टीबी म्हातारपणी किंवा टीएनएफविरोधी इंजेक्शनानंतर जागा होऊ शकतो. तो बहुतेक फुफ्फुसात किंवा गाठींत उठतो, क्वचित कातडीवर. मानेची गाठ फुटून वाहू लागणं, किंवा चेहऱ्यावर सावकाश पसरणारा तांबूस चट्टा, ही त्याची रूपं. त्या चट्ट्यावर प्रकाशाचा उपचार शोधल्याबद्दल डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल मिळालं होतं. आता अर्थात गोळ्या आहेत.

५. बीसीजी: हा टीबीच्याच घरचा, पण दुबळा केलेला जिवंत जंतू. लस म्हणून आपल्या दंडावर त्याची खूण आहे. मूत्राशयाच्या कॅन्सरवर बीसीजी मूत्राशयात सोडण्याचा उपचार मात्र इथलाच. किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात डॉक्टर अल्वारो मोरालेस आणि सहकाऱ्यांनी त्याचे निकाल १९७६ साली छापले आणि तो जगभर गेला. फार उपयोगी उपचार आहे. पण प्रतिकारशक्ती कमी असेल तर हाच जंतू क्वचित शरीरात पसरतो. म्हणून हा उपचार घेण्याआधी आपली सगळी औषधं सांगा, आणि नंतर दोन दिवसांहून जास्त ताप राहिला तर लगेच कळवा.

मासळी आणि आपण

कुलाबा जिल्ह्यातून आलेल्या माणसाला मासळी सोड म्हणून सांगणं मला तरी जमणार नाही. पंख आणि खवले असलेली मासळी आपण घरी आणतो, खवले काढतो, पंख कापतो, आणि काटा टोचतो. १९९५-९६ च्या हिवाळ्यात टोरोंटो परिसरात तिलापियासारखी अख्खी मासळी साफ करताना हाताला लागलेल्या काही लोकांना गंभीर संसर्ग झाला. तो जंतू मायकोबॅक्टेरिया नव्हता, स्ट्रेप्टोकॉकस इनिए नावाचा वेगळाच होता. पण त्यावरून फरक चांगला समजतो. तो एक-दोन दिवसांत हात लाल करून सुजवतो, ताप आणतो, आणि माणूस घाबरून इस्पितळात जातो. मरिनम आठवड्यांनी येतो, गुपचूप येतो, आणि तोवर काटा टोचल्याचं आपण विसरलेले असतो.

माझ्या आतेबहिणीचं असंच झालं. संधिवातासाठी ती प्रेडनिसोन आणि आठवड्याचं इंजेक्शन घ्यायची. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर गाठ आली. वॉक-इन क्लिनिकमध्ये तीन वेळा अँटिबायोटिक मिळालं, दर वेळी वेगळे डॉक्टर. तिने मला फोन केला तेव्हा मी, इतकी वर्षं नर्स असून, म्हटलं, "कोमट पाण्यात बुडव, होईल बरं." मी मासळीचं विचारलं नाही, बोट बघायलाही गेले नाही. तिने बोटाला कायम पट्टी बांधली आणि प्रार्थनेला येणं बंद केलं. पुढे कळलं की तिला वाटत होतं, हा महारोग आहे आणि मेझुझाला हात लावला तर दुसऱ्यांना लागेल. पाचव्या महिन्यात कोपरापर्यंत गाठी चढल्या तेव्हा बायप्सी झाली आणि मरिनम निघाला. जखम भरली, पण ते बोट आजही पूर्ण वाकत नाही. हा लेख लिहायचं खरं कारण तेच बोट आहे.

लाज आणि भीती

म्हणून हा विषय इथे मोकळेपणाने मांडते. वायिक्रा पुस्तकाच्या १३ व्या आणि १४ व्या अध्यायांत त्साराआथचं वर्णन येतं. मराठीत त्याला कोड किंवा महारोग असे शब्द लावले गेले आणि आपल्या मनात ते घट्ट बसले. पण तिथे कापडाच्या आणि घराच्या भिंतींच्या त्साराआथचंही वर्णन आहे. म्हणजे ते आजच्या वैद्यकशास्त्रातला एखादा रोग नव्हे. त्या अध्यायांतून नर्सला घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. कोहेन घाईने निर्णय देत नाही. तो डाग बघतो, सात दिवस थांबतो, पुन्हा बघतो, पसरला का ते तपासतो. जखमेकडे असंच लक्ष ठेवायचं असतं.

या भीतीने जगभर माणसांचं फार नुकसान केलं आहे. कॅनडातही केलं. न्यू ब्रन्सविकमध्ये १८४४ साली कुष्ठरुग्णांना शेल्ड्रेक बेटावर नेऊन ठेवलं, १८४९ पासून ट्रॅकाडीच्या कुष्ठालयात, आणि ते १९६५ साली बंद झालं. पश्चिमेला व्हिक्टोरियाजवळच्या डार्सी बेटावर १८९१ पासून चिनी रुग्णांना जवळजवळ वाऱ्यावर सोडून दिलं होतं. मुंबईकरांना वडाळ्याचं १८९० सालचं ॲकवर्थ इस्पितळ माहीत असेल. आज खुद्द कुष्ठरोगही गोळ्यांनी पूर्ण बरा होतो.

वर सांगितलेले पाण्या-मातीतले जंतू त्वचेच्या जखमेतून एका माणसाकडून दुसऱ्याला सहसा लागत नाहीत. जखम झाकून ठेवा, हात धुवा, एवढं पुरे. नातवंडांना जवळ घ्या, मेझुझाला हात लावा, मलिद्याच्या ताटाजवळ सगळ्यांबरोबर बसा. टीबीची गोष्ट वेगळी. तो फुफ्फुसात असेल तर खोकल्यातून पसरतो, म्हणून त्वचेचा टीबी निघाला की छातीही तपासतात.

प्रतिकारशक्ती कमी असेल तर चित्र कसं बदलतं?

धडधाकट माणसात एकच गाठ, एकाच जागी. अशक्त माणसात गाठी अनेक, आणि दूरदूरच्या जागी. लाली, दुखणं, ताप या धोक्याच्या घंटा स्टिरॉइडमुळे वाजतच नाहीत. टीबीची कातडीवरची सुई खोटी "नाही" दाखवू शकते. आणि जंतू कातडीवर थांबेलच असं नाही. स्नायूबंध, सांधा, हाड, कधी रक्तातही उतरतो. म्हणून अशा माणसाने "दुखत नाही, म्हणजे काही नाही" असं समजू नये.

तपासणी कशी होते?

वरवरचा पू कापसाच्या काडीवर घेऊन बहुधा काही निघत नाही. कातडीचा छोटा तुकडा घ्यावा लागतो, म्हणजे बायप्सी. जागा सुन्न करून करतात, दहा-पंधरा मिनिटांचं काम. पण एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. तुकड्याचा एक भाग फॉर्मॅलिनमध्ये सूक्ष्मदर्शकासाठी जातो. दुसरा भाग फॉर्मॅलिनशिवाय, निर्जंतुक डबीत, जंतू वाढवण्यासाठी जायला हवा. सगळाच तुकडा फॉर्मॅलिनमध्ये गेला तर जंतू मरतो आणि पुन्हा बायप्सी करावी लागते. प्रयोगशाळेला "मायकोबॅक्टेरियाची शंका आहे, ३० अंशांवरही वाढवा, लोहही घाला" असं कळवावं लागतं, कारण टीबीची नेहमीची तपासणी ३७ अंशांवर होते.

हे काम डॉक्टरांचं. पण तुम्ही एवढं विचारू शकता: "डॉक्टर, हे मायकोबॅक्टेरिया असू शकेल का? बायप्सी झाली तर त्याचं कल्चरही पाठवाल का?" असं विचारणं उद्धटपणा नव्हे. इथले डॉक्टर अशा प्रश्नाने रागावत नाहीत.

निकालाला सहा-आठ आठवडे लागू शकतात. जनुकीय चाचणीने नाव लवकर कळू शकतं, पण कोणतं औषध लागू पडेल हे बघायला बहुतेक वेळा जंतू वाढावाच लागतो. ऑन्टारिओत टीबी निघाला तर सार्वजनिक आरोग्य खात्याला कळवणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. त्यांचा फोन आला तर घाबरू नका, ती शिक्षा नव्हे. टीबीची औषधंही त्या खात्यामार्फत फुकट मिळतात.

उपचार

एकाच गोळीने आठ दिवसांत हे जात नाही. जंतूप्रमाणे औषध बदलतं.

- मरिनमवर क्लॅरिथ्रोमायसिन, एथॅम्ब्युटॉल, रिफॅम्पिन, कधी मिनोसायक्लिन किंवा डॉक्सिसायक्लिन. बहुधा दोन औषधं, तीन-चार महिने. जखम भरल्यावरही महिना-दोन महिने चालू ठेवतात.
- केलोनी आणि ॲबसेससवर टीबीची नेहमीची औषधं चालत नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा ॲझिथ्रोमायसिनबरोबर सुरुवातीला शिरेतून टोब्रामायसिन किंवा ॲमिकॅसिनसारखी औषधं द्यावी लागू शकतात. चार महिने, कधी जास्त.
- हीमोफिलमवर क्लॅरिथ्रोमायसिन, रिफॅम्पिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन अशी जोडगोळी. एथॅम्ब्युटॉल यावर चालत नाही.
- त्वचेच्या टीबीवर नेहमीचा टीबीचा कोर्स, कमीत कमी सहा महिने.

पू साचला असेल किंवा संसर्ग खोल गेला असेल तर सर्जन ती जागा साफ करतात.

आता वयस्कांसाठी सर्वांत महत्त्वाचं: ही औषधं आपल्या इतर औषधांशी भांडतात. रिफॅम्पिन दुसऱ्या औषधांना शरीरातून लवकर हाकलतं. त्यामुळे वॉरफरिन, टॅक्रोलिमस, प्रेडनिसोन, मधुमेहाच्या काही गोळ्या यांचा परिणाम कमी होतो. क्लॅरिथ्रोमायसिन उलट करतं. काही स्टॅटिन, डिगॉक्सिन, कोल्चिसिन, वॉरफरिन, टॅक्रोलिमस शरीरात साठून विषारी होऊ शकतात. म्हणून सगळी औषधं एकाच फार्मसीतून घ्या, आणि हिंदुस्थानातून आणलेल्या गोळ्या, काढे, चूर्णंही फार्मासिस्टला दाखवा.

रिफॅम्पिनने लघवी, घाम, अश्रू केशरी होतात. ते रक्त नव्हे, घाबरू नका. एथॅम्ब्युटॉल घेताना लाल-हिरवा फरक कळेनासा झाला किंवा अंधुक दिसू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. डोळे पिवळे झाले, अन्नावरची वासना गेली, उलट्या होऊ लागल्या तर यकृताची तपासणी हवी. ॲमिकॅसिन आणि टोब्रामायसिनने कानाला आणि किडनीला त्रास होऊ शकतो, कानात घंटी वाजू लागली तर सांगा.

प्रतिकारशक्ती दाबणारं औषध कमी करायचं का, हे तज्ज्ञ ठरवतात. स्वतःहून प्रेडनिसोन कधीही बंद करू नका. अचानक थांबवलं तर रक्तदाब पडून माणूस कोसळू शकतो. बदललेल्या किडनीची गोळी चुकवली तर किडनी जाऊ शकते.

दारफाळणीच्या सणाचा, म्हणजे योम किप्पूरचा, उपास आणि औषधांचा कोर्स एकत्र आला तर आधीच डॉक्टरांना आणि रब्बींना विचारा. जीव वाचवणं उपासापेक्षा मोठं, हे आपल्या धर्मातच आहे. मध्येच औषध तोडलं तर उरलेले जंतू त्या औषधाला जुमानेनासे होण्याची भीती असते.

घरी काय काळजी घ्यावी?

१. मासळी साफ करताना जाड रबरी हातमोजे घाला. तुम्ही वरच्या यादीतली औषधं घेत असाल तर दुकानातच खवले आणि पंख काढून घ्या. काटा टोचला तर साबण-पाण्याने धुवा, आणि कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा.
२. नातवाच्या माशांची टाकी तुम्ही धुऊ नका. तिचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका.
३. उघडी जखम असताना तलाव, हॉट टब, तळं, समुद्र, मिकवे टाळा.
४. ऑपरेशनची ताजी जखम, डायलिसिसची नळी, केमोची लाइन यांना नर्सने सांगितल्याखेरीज नळाचं पाणी लागू देऊ नका.
५. पेडिक्युअर करायचं असेल तर पाय बुडवण्याचा टब नको, आणि आदल्या दिवशी पायांचे केस काढू नका.
६. ॲक्युपंक्चरची सुई तुमच्यासमोर नवीन पाकिटातून काढलेली असावी. इन्सुलिनची सुई दर वेळी नवी.
७. मुंबईला जाऊन ऑपरेशन किंवा सांध्यात इंजेक्शन घेतलं तर कागदपत्रं बरोबर आणा, आणि इथल्या डॉक्टरांना तारखेसह सांगा.
८. बागेत काम करताना हातमोजे आणि बंद बूट.
९. टीएनएफविरोधी इंजेक्शन सुरू करण्याआधी टीबीची तपासणी झाली आहे ना, हे विचारा. बीसीजी घेतलेल्यांना कातडीच्या सुईपेक्षा रक्ताची चाचणी बरी, कारण बीसीजीमुळे ती गोंधळत नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

तीन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा गाठ. अँटिबायोटिकचा एक कोर्स होऊनही तशीच राहिलेली. एका ओळीत चढणाऱ्या गाठी. टोचल्या जागी किंवा टाक्यांजवळ आठवड्यांनी आलेला पू. काखेत किंवा जांघेत अवधाण. प्रतिकारशक्ती कमी असेल तर तीन आठवडेही थांबू नका, दहा दिवसांत दाखवा.

थंडी वाजून ताप, तासागणिक पसरणारी लाली, असह्य दुखणं, गोंधळल्यासारखं होणं यांपैकी काही झालं तर ९११. शब्बाथ असला तरी फोन उचला. रात्री-अपरात्री शंका आली तर ऑन्टारिओत ८११ वर नर्सशी बोलता येतं, दुभाषाही मागता येतो.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर पाच गोष्टी लिहून न्या: गाठ कधी दिसली, त्याआधी काय टोचलं किंवा लागलं, मासळी, टाकी, तलाव, बाग, प्रवास, आतापर्यंत घेतलेली औषधं आणि त्यांच्या तारखा, नेहमीच्या गोळ्यांची यादी. दर आठवड्याला त्याच उजेडात, शेजारी नाणं ठेवून, मोबाइलवर एक फोटो काढा. लेकीला, सुनेला, नातवाला सांगा, ते काढून देतील. गाठ वाढते आहे की नाही ते त्या फोटोंवरून डॉक्टरांना लगेच दिसतं.

आणि आपल्यातलं कोणी हाताला पट्टी बांधून प्रार्थनेला यायचं बंद झालं असेल, तर फोनवर "कशी आहेस" एवढं विचारून थांबू नका. घरी जा, पट्टी सोडायला सांगा, आणि काय झालंय ते बघा.